रोवणी, युरियाची बॅग आणि गुलाबी डंबेल्स

जुलैअखेर चार दिवस रजा टाकून गावाला, म्हणजे सिहोऱ्याला जाऊन आलो. पुण्यातल्या मित्रांना हे गाव सांगताना दरवेळी नकाशा काढावा लागतो. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, जवळच चांदपूरचा तलाव, आणि थोडं पुढे गेलं की मध्य प्रदेश. सगळा धानाचा मुलूख. जुलै-ऑगस्टात तिकडे घराघरात एकच विषय असतो : रोवणी.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पऱ्ह्यातली रोपं उपटून आणायची आणि चिखल केलेल्या बांधीत कमरेत वाकून, एकेक रोप खुपसत, मागे मागे सरकत जायचं. दिवसभर. ट्रॅक्टर, चिखलणी, बांधबंदिस्ती पुरुषांकडे आणि हे वाकणं मुख्यतः बायकांकडे, अशी तिकडची जुनी वाटणी आहे.

आता मी पडलो जिमवाला माणूस. गेली दोन वर्षं ऑफिस सुटलं की न चुकता जातो, बेंचप्रेसला ७० किलो मारतो (हे वाक्य कुठेतरी घुसवायचंच होतं :-) ). म्हटलं, चला, काकूला मदत करू. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरलो बांधीत.

पंचवीस मिनिटं. बरोबर पंचवीस मिनिटांनी मी बांधावर बसलेलो होतो आणि कमरेत कुणीतरी तापलेली सळई घातल्यासारखं वाटत होतं. काकूचं वय ५८. ती सकाळपासून वाकलेली होती आणि मी बसलो तेव्हाही तिचा हात थांबला नव्हता. तशीच वाकलेल्या अवस्थेत मान वळवून म्हणाली, "काहून गा बाबू, थकला? मंग जिममधी काय करून राहिला तू दोन वर्स?" बाकीच्या बायका जे हसल्या ते विचारू नका.

त्याच दिवशी दुपारची गोष्ट. ओसरीवर युरियाची बॅग पडली होती. हल्ली ती ४५ किलोची येते. ती बांधावर न्यायची होती. काकूनं एक टोक धरून ओढून पाहिली, जेमतेम वीतभर सरकली. मग मला हाक मारली. मी उचलली, खांद्यावर टाकली, नेऊन ठेवली. काकूला यात काहीच विशेष वाटलं नाही. "बाईमाणसाचं काम नोहे थे," एवढं बोलून ती परत बांधीकडे गेली.

माझी अब्रू थोडीफार वाचली खरी, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. सकाळी जी बाई मला दमात लोळवते, ती दुपारी एका बॅगेपुढे हात टेकते. मग दम नक्की कुणात जास्त? आणि आमच्या जिममध्ये आम्ही जे करतो त्याचा या दमाशी संबंध काय?

दम दोन प्रकारचा असतो

इथे दम म्हणजे श्वासाचा दम नव्हे. स्नायू एखादं काम किती वेळ किंवा किती वेळा करू शकतो, तो दम. आणि हा मोजायच्या दोन पद्धती आहेत. सगळा घोळ इथेच आहे.

पहिली पद्धत : प्रत्येकाची कमाल ताकद काढायची, म्हणजे एकदाच, जेमतेम उचलता येईल असं वजन. मग त्याच्या ठरावीक टक्के वजन ज्याचं त्याला द्यायचं आणि कोण किती वेळ टिकतो ते बघायचं. हा झाला सापेक्ष दम. दुसरी पद्धत : सगळ्यांना एकच वजन द्यायचं आणि मोजायचं. हा निरपेक्ष दम.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. दोन सर्व्हर आहेत, एक मोठा, एक छोटा. दोघांनाही आपापल्या क्षमतेच्या २० टक्के लोड दिलात आणि "छोटा जास्त काळ विनातक्रार चालला" असं म्हणालात, तर ते खरं असू शकतं. पण बाहेरून येणारं ट्रॅफिक सर्व्हरची क्षमता विचारून येत नाही. तेवढ्याच रिक्वेस्ट मोठ्यावर आल्या तर तो ३० टक्क्यांवर असतो, छोट्यावर आल्या तर तो ९० टक्क्यांवर धापा टाकतो.

सापेक्ष दमात बायका पुरुषांच्या पुढे आहेत. हे काही स्त्रीदाक्षिण्य म्हणून सांगत नाहीये, प्रयोगशाळेत वारंवार दिसलेली गोष्ट आहे. अमेरिकेतल्या सँड्रा हंटर या संशोधिकेनं यावर वर्षानुवर्षं काम केलंय. २००१ साली तिनं आणि रॉजर एनोका यांनी एक छोटासा प्रयोग केला. कोपर वाकवून, आपल्या कमाल ताकदीच्या २० टक्के जोर धरून ठेवायचा, जितका वेळ जमेल तितका. त्यात बायका पुरुषांच्या सरासरी दुपटीहून जास्त वेळ टिकल्या.

कारणं अनेक आहेत, पण एक फार गमतीचं आहे. आवळलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो. स्नायू जितका मोठा आणि जोर जितका जास्त, तितकं दाबणं जास्त, रक्तपुरवठा कमी. म्हणजे पुरुषाचा २० टक्के जोर हा आकड्यात मोठा असल्यामुळे त्याचा स्नायू लवकर गुदमरतो. पुढे २००४ मध्ये हंटरच्याच गटानं मुद्दाम सारख्या ताकदीचे पुरुष आणि बायका निवडून तसाच प्रयोग केला, तर दोघं जवळजवळ सारखाच वेळ टिकले. या प्रकारच्या धरून ठेवण्याच्या कामात तरी फरकाचा मोठा भाग ताकदीतल्या फरकातून येतो, असा त्याचा अर्थ. जोर वाढवला, हालचालीचा वेग वाढवला, की बायकांची ही आघाडी कमी होत जाते.

काकूची रोवणी ही अशी कमी जोराची, लांब चालणारी गोष्ट आहे. त्यात तिची चाळीस वर्षांची सवय आणि लय. माझी हार ठरलेलीच होती.

आता युरियाची बॅग घ्या. माझी जमिनीवरून उचलायची कमाल ताकद ९० किलो धरा. ४५ किलोची बॅग म्हणजे माझे ५० टक्के. काकूची कमाल ५६ किलो धरली, तर तीच बॅग तिचे ८० टक्के होते. ढोबळमानानं ८० टक्के वजन माणूस सात-आठ वेळा उचलतो आणि मग संपतो, तेही सवय असेल तर. बॅग बायकांसाठी वेगळी येत नाही. पाण्यानं भरलेली कळशी, गॅसचं सिलेंडर, ट्रेनमध्ये वरच्या फळीवर ठेवायची सुटकेस, झोपलेलं पाच वर्षांचं पोर, अंथरुणाला खिळलेली सासू, यांपैकी काहीही टक्क्यांत येत नाही. सगळं किलोत येतं.

थोडक्यात, "बायकांमध्ये दम जास्त असतो" हे कौतुक खरं आहे, आणि जगण्यातल्या निम्म्या कामांत बिनकामाचं आहे.

जिममध्ये उलटा कारभार

आता माझा खरा मुद्दा. आमच्या इथल्या एका जिममध्ये बायकोनं नाव घातलं. पहिल्याच दिवशी तिच्या हातात दोन-दोन किलोची गुलाबी डंबेल्स आली आणि कागदावर लिहून मिळालं : २० चे तीन सेट. "मॅडम, टोनिंग होईल, बॉडी नाही बनणार." त्याच दिवशी शेजारी माझ्यासारखे चार जण आठ-आठ रेप्सचे वजनदार सेट मारून आरशात बघत होते.

म्हणजे ज्यांच्याकडे दम आधीच बरा आहे आणि ताकद कमी आहे, त्यांना आपण दमाचा व्यायाम देतो. ज्यांच्याकडे ताकद आहे आणि दम कमी, त्यांना ताकदीचा. याला नियोजन म्हणायचं का?

भारी वजन-कमी रेप्स ताकदीसाठी, हलकं वजन-जास्त रेप्स दमासाठी, हा विचार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरनं १९४५ मध्ये तो मांडला. ढोबळमानानं तो बरोबर आहे, पण त्यात एक मेख आहे.

१९८२ मध्ये अँडरसन आणि कियर्नी यांनी ४३ कॉलेजवयीन मुलांवर प्रयोग केला. नऊ आठवडे, आठवड्यातून तीनदा बेंचप्रेस. एका गटाला सहा ते आठ रेप्स जमतील इतकं भारी वजन, दुसऱ्याला तीस ते चाळीस, तिसऱ्याला चक्क शंभर ते दीडशे रेप्स. ताकद भारी गटाची साधारण २० टक्के वाढली, बाकीच्या दोघांची ८ आणि ५. सापेक्ष दमात मात्र हलक्या वजनाचे दोन्ही गट २२ आणि २८ टक्क्यांनी सुधारले आणि भारी गट उलट ७ टक्के घसरला. इथपर्यंत डिलॉर्मचा जय. पण सगळ्यांना एकच ठरावीक वजन देऊन मोजलं, तेव्हा तिन्ही गट सुधारले होते आणि त्यांच्यात ठोस फरक उरला नव्हता. भारी गटानं दम असा वेगळा कमावलाच नव्हता. त्यांच्यासाठी ते वजनच हलकं झालं होतं!

बायकांवर असाच प्रयोग १९९४ मध्ये स्टोन आणि कोल्टर यांनी केला, तोही नऊ आठवड्यांचा. सगळ्यात भारी गट सहा ते आठ रेप्सचा, सगळ्यात हलका तीस ते चाळीसचा. ताकद तिन्ही गटांत वाढली आणि दमही. भारी वजन उचलल्यानं बाईचा दम जातो वगैरे काही झालं नाही.

काकूच्या बॅगेचं गणित परत मांडा. समजा काही महिन्यांच्या व्यायामानं तिची कमाल ५६ वरून ७५ झाली. बॅग तीच, पण ८० टक्क्यांची ६० टक्के झाली. आता तीच बॅग पंधरा-वीसदा उचलता येईल. नुसता दोन किलोच्या डंबेल्सचा दम वाढवून हे होणार नाही.

"पण बायकांची ताकद अशी वाढते का हो?" वाढते. २०२० मध्ये रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. स्नायूंची टक्केवारीतली वाढ आणि पायांच्या ताकदीतली वाढ स्त्री-पुरुषांत सारखीच होती. दंड-खांदे या वरच्या भागात तर बायकांची टक्केवारीतली वाढ पुरुषांपेक्षा जास्त निघाली. आणि बायका मागे असतात त्या मुख्यतः वरच्याच भागात. कॅनडातल्या १९९३ च्या एका छोट्या अभ्यासात वरच्या अंगाची ताकद पुरुषांच्या साधारण निम्मी आणि पायांची दोन तृतीयांश आढळली होती. जिथे तूट जास्त तिथेच परतावा जास्त. याला आपण ऑफिसात 'लो हँगिंग फ्रूट' म्हणतो आणि त्यासाठी वेगळी मीटिंग लावतो :-)

"बॉडी बनेल" या भीतीबद्दल एकच नाव घेतो : हर्षदा गरुड. मावळातल्या वडगावची मुलगी. २०२२ मध्ये ग्रीसमध्ये ज्युनियर जागतिक वेटलिफ्टिंगचं सुवर्ण तिनं जिंकलं, भारतासाठी पहिलंच. वजनगट ४५ किलोचा आणि क्लीन अँड जर्कमध्ये उचलले ८३ किलो. जवळजवळ दोन युरियाच्या बॅगा, डोक्यावर. रोज भारी वजन उचलणारी ही मुलगी त्या स्पर्धेला उतरली तेव्हा काट्यावर ४५ किलोच्या आत होती.

"आमच्या बायकांना कशाला हवा व्यायाम?"

गावात हा विषय काढला तर काकानं अपेक्षित उत्तर दिलं. दिवसभर राबतात त्या, त्यांना व्यायामाची काय गरज? शहरातही कामवाल्या मावशींबद्दल आपण हेच म्हणतो.

मला हे पटत नाही. व्यायामात चार गोष्टी असतात : वजन हळूहळू वाढवत नेणं, ठरवून थांबणं, मधल्या दिवसात विश्रांती, आणि नंतर नीट खाणं. रोवणीत यातली एकही नाही. पहिल्या दिवशीचं रोप आणि शेवटच्या दिवशीचं रोप सारखंच हलकं. थांबायचं केव्हा ते बांधी संपल्यावर. विश्रांती नाही, कारण रोवणी झाली तरी संध्याकाळचा स्वयंपाक आहेच. आणि ताटात भात भरपूर, वरण पातळ.

त्यात वाकण्याची एक गोम आहे. माणूस कमरेतून पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू काम करायचं जवळजवळ थांबवतात आणि भार मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर जातो. हे जुनं, माहीत असलेलं निरीक्षण आहे. म्हणजे दिवसभर वाकून पाठीच्या स्नायूंना पुरता व्यायामही मिळत नाही, पाठ मात्र ताणली जाते. डेन्मार्कचे आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांचे सहकारी यालाच विरोधाभास म्हणतात. फावल्या वेळात स्वखुशीनं केलेल्या हालचालीचे जे फायदे मिळतात, ते पोटासाठी केलेल्या कष्टातून तसेच मिळत नाहीत. दिवसभर, कमी जोरात, एकाच ढंगात, न सावरता केलेलं काम शरीराला घडवत नाही, झिजवतं.

काकू रात्री कंबर शेकत बसते. दरवर्षी. तिला ते रोवणीचं भाडं वाटतं.

आपल्या जुन्या तालमींना हे कळत होतं. शेकड्यांनी जोर-बैठका दमासाठी, नाल आणि गदा ताकदीसाठी, मग दूध, बदाम आणि झोप. पैलवानाचं कुणी "दिवसभर शेतात राबतो की, तालीम कशाला" असं म्हटलं नाही. फक्त तालमीचं दार बायकांसाठी बहुतेक ठिकाणी बंद होतं.

पहाटे सिहोऱ्याच्या रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावताना दिसतात. महाराष्ट्र पोलीस भरतीत मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गुण गोळाफेकीचे आहेत. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. एका मुलीला विचारलं, ताकदीचा व्यायाम काय करते? म्हणाली, "काही नाही दादा, नुसती रनिंग." मुलं निदान जोर तरी मारत होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग करायचं काय?

मी डॉक्टर नाही, ट्रेनर नाही. कोड लिहितो. ज्यांची कंबर-गुडघे आधीच कुरकुरताहेत किंवा रक्तदाब आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पण माझं मत मागाल तर :

बायकांनी, विशेषतः आमच्यासारख्या दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या बायकांनी, आठवड्यातून दोन-तीन दिवस असं वजन घ्यावं जे सहा ते दहा वेळांच्या वर जमणार नाही. बैठका, जमिनीवरून उचलणं, ओढणं, डोक्यावर ढकलणं, एवढे चार प्रकार पुरे. आधी हलक्या वजनावर पद्धत बसवायची, मग सोपं झालं की वाढवायचं. गुलाबी डंबेल्स वॉर्मअपला ठेवा, रंगावर माझा राग नाही.

पुरुषांनी अधूनमधून आरशाचा मोह सोडून हलकं वजन घ्यावं आणि पंचवीस-तीस रेप्स मारून पाहावेत. पहिल्या आठवड्यात अहंकार दुखतो, स्नायूंपेक्षा जास्त.

आणि हे सगळं सरासरीचं बोलणं आहे. माझ्यापेक्षा ताकदवान बायका आणि काकूपेक्षा चिवट पुरुष आहेतच. प्रयोगही बहुतेक कॉलेजातल्या मुलामुलींवरचे, ५८ वर्षांच्या शेतकरी बाईवरचे नव्हेत. पण किलो आणि टक्के यांचं गणित सगळ्यांना लागू आहे.

परत निघायच्या दिवशी धीर करून काकूला म्हटलं, रोवणी झाली की रोज नको, दोन दिवसांआड, रेतीची छोटी पिशवी उचलायचा व्यायाम कर. दहा किलोपासून सुरू. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला बेंचप्रेस मारायला सांगितलंय. मग म्हणाली, "आन् थ्या टायमाले भांडी कोन घासन?"

याचं उत्तर माझ्याकडच्या एकाही अभ्यासात नव्हतं. काका तिथेच खाटेवर बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मोबाईलकडे पाहिलं.

असो. पुण्याला आल्यावर बायकोचा तो जिमचा कागद फाडला (तिच्या परवानगीनं). ती आता २५ किलोवर आहे. आणि मी पुढच्या रोवणीला एक तास टिकायचं टार्गेट घेतलंय. काकूला अजून सांगितलेलं नाही, उगाच हसेल.